शिक्षकांची बाजू घेणारा ज्युव्हेनल का गाळला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला रोमन कवी ज्युव्हेनलवरचा लेख वाचला. त्याला मराठी वर्तमानपत्रात जागा मिळाली याचा आनंद झाला, पण लेख संपेपर्यंत तो टिकला नाही. त्याच्या 16 व्यंगकवितांमधून आपण उचललं काय, तर ‘भाकरी आणि खेळतमाशे’ आणि ‘निरोगी शरीरात निरोगी मन’! दुसरं वचन तर व्यायामाचा सल्ला म्हणून छापलंत. सत्ता, संपत्ती, दीर्घायुष्य मागून माणसांची कशी माती झाली हे दहाव्या कवितेत सांगून झाल्यावर, मग देवाकडे मागायचं तरी काय, याचं ते उत्तर आहे. त्याच्या हद्दपारीची कथाही खरी म्हणून ठोकून दिलीत. ती सांगणारी चरित्रं फार नंतरची. कुणी त्याला इजिप्तला धाडतं, कुणी ब्रिटनला.

पण माझा खरा राग आहे तो सातवी कविता गाळल्याचा. त्यात मास्तर मध्यरात्रीपासून शिकवायला बसतो. पोरांच्या दिव्यांच्या काजळीनं कवी होरेसची पोथी विटलीय, कवी व्हर्जिलची काळी पडलीय. एवढं करून मिळणाऱ्या फीचा लचका आधी मुलाला सांभाळणारा नोकर तोडतो, मग पैसे मोजणारा कारभारी. आणि पालक? ते रस्त्यात गाठून व्हर्जिलच्या महाकाव्यातल्या अँकायसीसच्या दाईचं नाव विचारणार, ते तोंडपाठ हवं!

मी विनाअनुदानित शाळेत शिकवत होतो. पगार खात्यात जमा झाला की ठरलेली रक्कम काढून कार्यालयात नेऊन द्यायची. तिथले गृहस्थ नोटा दोनदा मोजायचे, पाकीट खणात टाकायचे, पावती नाही. बोलणाऱ्याला पुढच्या वर्षी वर्ग मिळत नसे. दोन हजार वर्षांपूर्वीचा कवी हे इतकं नेमकं लिहून ठेवतो आणि शिक्षकांच्या घरोघरी जाणारं आपलं दैनिक ते वगळतं, याचं वाईट वाटलं.

याच कवितेच्या शेवटी मास्तरची वर्षाची कमाई खेळातल्या विजेत्याच्या एका बक्षिसाएवढी निघते. आपल्या अंकात क्रिकेटला रोज पानंच्या पानं आणि पुस्तकांना आठवड्याला अर्धं पान, तेही जाहिरात आली की गायब. याचाही विचार व्हावा.

सातव्या कवितेतला शिक्षकांचा भाग पुढच्या रविवारी द्यावा आणि हे पत्र छापताना पाकिटाचा मजकूर कापू नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक