चर्चामंच कुणाच्या सर्व्हरवर?

महोदय,

व्हॉट्सॲपवर जुनी माहिती सापडत नाही म्हणून संस्थेचा स्वतंत्र चर्चामंच काढायचे ठरले, की बैठकीत पहिला प्रश्न भाड्याचा निघतो: मंच स्वतःच्या सर्व्हरवर (इंटरनेटला सतत जोडलेल्या संगणकावर) चालवायचा, की भाडे भरून एखाद्या कंपनीकडून चालवून घ्यायचा? खरे तर आधी विचारायला हवे, की मंच बंद पडला तर तो चालू कोण करणार?

स्वतः चालवायचा, तर चर्चामंचाचे डिस्कोर्स हे सॉफ्टवेअर मोफत आहे. १ जीबी रॅमच्या सर्व्हरवरही ते चालते, मात्र २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरायची जागा) नसेल तर अपडेटच्या वेळी मेमरी संपते आणि काम अर्ध्यावर थांबते. पण बहुतेकांचे घोडे अडते ते ईमेलवर. नव्या सदस्याला पुष्टीचा मेल गेलाच नाही, तर त्याला आत येता येत नाही. स्पॅम रोखण्यासाठी अनेक क्लाउड कंपन्या २५ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरून थेट मेल पाठवण्याची वाट, बंद ठेवतात. त्यामुळे मेलसेवा वेगळी घेऊन ५८७ क्रमांकाच्या पोर्टवरून मेल पाठवावे लागतात. डोमेनच्या, म्हणजे मंचाच्या वेबपत्त्याच्या, नोंदींत एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरोखर आपल्याकडूनच गेल्याची खूण) नसेल, तर तेही स्पॅममध्ये जाऊन पडतात.

दुसरी गोष्ट बॅकअपची, म्हणजे राखीव नकलेची. मूळ सेटिंगमध्ये तो त्याच सर्व्हरवर साठतो. डिस्क गेली की मंच आणि बॅकअप दोन्ही गेले. तो रोज बाहेर पाठवावा आणि दुसऱ्या यंत्रावर एकदा चढवून पाहावा. पीएचपीबीबी या दुसऱ्या मंच-सॉफ्टवेअरसारख्या, मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालणाऱ्या मंचाची नक्कल चुकीच्या अक्षरसंचात निघाली, तर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उरतात, हे तेव्हाच कळते.

हे सांभाळणारी किमान दोन माणसे नसतील, तर सरळ भाड्याची सेवा घ्यावी. त्यात कमीपणा नाही. मात्र कंपनीची सेवा बंदही पडू शकते: लोकांच्या गप्पांची संकेतस्थळे ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी आणि याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले, हे विसरू नये. पैसे भरण्याआधी विचारावे: पूर्ण डेटाबेस मिळेल, की नुसती सीएसव्ही फाइल (साधा तक्ता)? सीएसव्हीत मजकूर येतो. चित्रे आणि सदस्यांचे पासवर्ड सहसा मागेच राहतात. डिस्कोर्सचा पूर्ण बॅकअप मात्र पुढे स्वतःच्या सर्व्हरवर चढवता येतो.

आणि मंच कुठेही असो, त्याचा वेबपत्ता कंपनीच्या नावाखालचा घेऊ नये. डोमेन संस्थेच्या नावे नोंदवावे, माजी सचिवांच्या वैयक्तिक खात्यावर नव्हे. नोंदणीसाठी दिलेला ईमेलही त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेनची मुदत संपली की तो मेलही बंद पडतो आणि नूतनीकरणाच्या शेवटच्या सूचना कुणालाच मिळत नाहीत.

– एक वाचक, ठाणे