शनिवारी येतेय, बाबा चिडू नका

आई-बाबा,

मृत्युपत्रासाठी वकिलांची शनिवारची अकराची वेळ मी घेऊन टाकलीय, तुम्हाला न विचारता. फोनवर बोलले असते तर "मी काय मरायला टेकलोय काय?" म्हणून बाबांनी फोनच ठेवला असता, म्हणून हे पत्र.

रंकाळ्यावर चक्कर आली त्याचा याच्याशी काही संबंध नाही. बरं, थोडा आहे. पण खरं कारण काकू. राहत्या घराच्या कागदासाठी तिला सह्या मागत फिरावं लागलं, तसं आईचं नको. मृत्युपत्र नसलं तर १९५६च्या वारसा कायद्यानं घर आई, दादा आणि मी, तिघांत सारखं. म्हणजे आईच्या स्वयंपाकघरात तिचा वाटा एक तृतीयांश! आम्ही दोघं गुणाचे आहोत हो, पण आमच्या मागेही माणसं आहेत. घर आधी अख्खं आईच्या नावे लिहा.

"बँकेत लावलंय की तिचं नाव," म्हणाल. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बाबा. आणि घर तुमच्या कमाईचं, ते सगळं लिहिता येतं. वडिलोपार्जित शेतातला फक्त तुमचा हिस्सा.

साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. तुम्ही सही करताना दोन साक्षीदार समोर हवेत. मी नको, दादा नको, ज्यांना मिळायचंय ते साक्षीला नकोतच. शेजारचे मास्तर आणि आपले डॉक्टर चालतील. डॉक्टरांकडून तब्येतीचा दाखलाही घेऊ. नोंदणी सक्तीची नाही, तरी करू. तुम्ही आहात तोवर घर तुमचंच, काही हलणार नाही. मन बदललं तर पुन्हा लिहा, शेवटचं तेच खरं.

खरेदीखत ट्रंकेतच आहे ना? २०१९च्या पुरात भिजलं तेव्हा बाबांनी एकेक पान पंख्याखाली वाळवून वर इस्त्री फिरवली होती. जूनमध्ये माझ्या वह्यांना कव्हरं घालताना जिभेचं टोक बाहेर यायचं, अगदी तसंच तोंड झालं होतं.

ट्रंक माळ्यावर आहे. बाबांनी स्टुलावर चढायचं नाही, दादा काढेल. खरेदीखत, मिळकत पत्रिका, सातबारा, पासबुकं एका पिशवीत घालून ठेवा. रिक्षा दारात येईल, जिने चढावे लागणार नाहीत, मी विचारलंय.

आई, तुझंही मृत्युपत्र करायचंय. साज कुणाला ते तू ठरव, मी तोंड उघडणार नाही. आणि शनिवारचा उपास या खेपेला सोड, उन्हात तुला घेरी आली तर दोघांना कोण सांभाळणार?

तुमची,
चिमी