सामना कोणीही जिंको, कंपनी जिंकते

‘आपल्याला क्रिकेट कळतं, मग पैसे का सोडायचे?’ असे म्हणणाऱ्या तरुणांना सट्ट्याचा हिशेब कोणी समजावून सांगत नाही. तुल्यबळ संघांच्या सामन्यात सट्टा घेणारी कंपनी दोन्ही बाजूंना साधारण १.९० भाव ठेवते, म्हणजे जिंकल्यास लावलेल्या एका रुपयामागे मुद्दलासह १.९० रुपये परत. दोन्हीकडे हजार-हजार लागले की जमा २,०००, जिंकणाऱ्याला १,९०० आणि १०० रुपये कंपनीचे. एकीकडे पैसा जास्त झुकला की भाव हलवून तोल साधायचा. आता तर चेंडूगणिक पैज लागते, म्हणजे हीच कात्री एका सामन्यात कितीतरी वेळा चालते. सातत्याने जिंकणारा सापडलाच, तर ब्रिटनमधल्या परवानाधारक कंपन्याही त्याच्या पैजेवर मर्यादा घालतात. हरणाऱ्याला मात्र नवा बोनस!

२०२५च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती बंद केल्या, हे उत्तम झाले. पण परदेशी ॲप नवे नाव घेऊन परत येतात आणि पैसा भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांतून फिरतो. गरजू मुलांच्या नावावरची ही खाती बँकांनी वेळीच हेरावीत आणि पोलिसांनी खातेदारावर न थांबता ती चालवणाऱ्यांपर्यंत पोहोचावे.

– एक शिक्षक, बार्शी