टेलिफोन यंत्रणा बसवण्याआधी जागेची पाहणी न केल्याबाबत आणि सदोष जोडणीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख यांस,

विषय: ईपीएबीएक्स यंत्रणेची (कार्यालयातले फोन एकमेकांशी आणि बाहेरच्या लाइनशी जोडणारी यंत्रणा) जोडणी आपल्या खर्चाने नव्याने करून देण्याबाबत व जळालेली कार्डे बदलून देण्याबाबत.

महोदय,

आपल्या सेवा विभागाच्या शेवटच्या ईमेलमध्ये आम्हाला दोन गोष्टी कळवल्या आहेत. एक, आमचे ट्रंक कार्ड (बाहेरच्या लाइन जोडणारे) आणि एक एक्स्टेंशन कार्ड (आतले फोन जोडणारे) आकाशातल्या विजेमुळे जळाले, म्हणून वॉरंटी लागू होत नाही. दुसरी, यंत्रणेसाठी जागा तयार ठेवणे ही ग्राहकाची जबाबदारी असते. पहिल्या मुद्द्यावर खाली सविस्तर लिहिले आहे. दुसऱ्याबद्दल आधी एवढेच विचारतो: आपल्या कोटेशनमध्ये ‘साइट सर्व्हे, इन्स्टॉलेशन व कमिशनिंग’ अशी स्वतंत्र ओळ आहे, तिचे पैसे हार्डवेअरच्या किमतीहून वेगळे लावलेले आहेत आणि आम्ही ते आगाऊ भरले आहेत. मग तो सर्व्हे कोणी केला आणि त्याचा अहवाल कुठे आहे?

आमच्या माहितीप्रमाणे सर्व्हे झालेलाच नाही. ऑर्डर घ्यायला आलेल्या विक्री प्रतिनिधीने झेरॉक्सच्या खोलीतली एक मोकळी भिंत पाहिली आणि ‘इथे मस्त बसेल’ म्हणून तो निघून गेला. टेप लावला नाही, अर्थिंगची चौकशी केली नाही, मागच्या आवारातल्या गोदामापर्यंत केबल कुठून न्यायची हेही पाहिले नाही. नंतर तंत्रज्ञ आले ते थेट खोकी घेऊनच. खोक्यात इन्स्टॉलेशन मॅन्युअल होते. त्याची प्लास्टिकची पिशवी कार्डे जळाल्यानंतर आम्ही फाडली, तोवर ती शाबूत होती. त्या मॅन्युअलचे पहिलेच प्रकरण जागेच्या तयारीवर आहे. ते आधी आमच्या हातात पडले असते, तर जागा आम्ही आनंदाने तयार करून दिली असती. काय हवे ते सांगायचेच नाही आणि मागाहून तयारी नव्हती म्हणून बोट दाखवायचे, हे आम्हाला मान्य नाही.

मॅन्युअल सांगते की कॅबिनेटजवळचे तापमान ० ते ४० अंश सेल्सिअसच्या आत असावे, हवा खेळती असावी, ऊन, पाणी, धूळ आणि कंप यांपासून यंत्रणा दूर असावी, आणि कॉपिअर, मोठ्या मोटारी किंवा ट्रान्सफॉर्मर यांच्या शेजारी ती नसावी. आपण निवडलेल्या भिंतीच्या पलीकडे स्वच्छतागृह आहे. वरून एसीच्या पाण्याची नळी जाते. डाव्या हाताला, हात लांब केला की लागेल एवढ्या अंतरावर, झेरॉक्स मशीन आहे. खाली यूपीएस आहे आणि खोलीला खिडकी नाही. कॅबिनेट प्लायवुडच्या बोर्डावर न बसवता थेट गिलाव्यावर स्क्रू मारून टांगले आहे, त्यामुळे भिंतीची ओल थेट पाठीला लागते. दुपारी एक्स्टेंशन बंद पडतात आणि संध्याकाळी आपोआप सुरू होतात, अशी तक्रार आम्ही केली तेव्हा आपल्या तंत्रज्ञाने दार उघडे ठेवून टेबल फॅन लावायचा सल्ला दिला. आम्ही तोही पाळला. आता टोनरची आणि कागदाची धूळ पंख्याच्या वाऱ्याने कॅबिनेटच्या जाळीतून आत जाते.

आता अर्थिंग. या पत्राचे मूळ कारण तेच आहे.

कॅबिनेटच्या आत अर्थचे वेगळे टर्मिनल आहे. तिथून हिरव्या आवरणाची पुरेशी जाड तांब्याची तार थेट इमारतीच्या अर्थपर्यंत नेण्याची सूचना मॅन्युअलमध्ये ठळक चौकटीत छापली आहे. जोडणीच्या दिवशी ते टर्मिनल मोकळे राहिले. विचारले तर ‘थ्री-पिन प्लगमधून अर्थ येतोच’ असे उत्तर मिळाले. आम्ही आग्रह धरला तेव्हा तंत्रज्ञाने एक तार काढून खोलीतल्या पाण्याच्या नळाला गुंडाळली. तो नळ भिंतीत हातभर लोखंडी आहे, पुढे सगळा पाइप प्लास्टिकचा आहे. आमच्या विद्युत ठेकेदाराने नंतर मीटर लावून पाहिले, तर त्या तारेची आणि इमारतीच्या अर्थपिटची सलगताच नव्हती. तारेचे एक टोक अर्थ टर्मिनलला होते आणि दुसरे कुठेच पोहोचत नव्हते.

याचा जळालेल्या कार्डांशी काय संबंध, हे आपल्या विभागाला मी सांगावे लागावे याचे वाईट वाटते. बाहेरच्या लाइन जिथे येतात त्या एमडीएफवर (तारा जोडण्याच्या मुख्य चौकटीवर) आपण प्रत्येक जोडीला गॅस डिस्चार्ज ट्यूब लावली आहे आणि तिचे बिलही वेगळे आहे. टेलिफोनच्या नेहमीच्या व्होल्टेजला ही ट्यूब काहीच करत नाही. व्होल्टेज ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की आतला वायू वाहक होतो आणि सर्जला, म्हणजे व्होल्टेजच्या त्या अचानक उसळीला, जमिनीकडे वाट मिळते. अर्थच नसेल तर ही वाट बंद. छताला पन्हाळ लावावे आणि त्याचे तोंड घरातच सोडावे, तसा हा प्रकार झाला. सर्ज तारेवरून आला, त्याला जमीन सापडली नाही आणि तो कार्डांत शिरला.

तो आला कुठून, तेही पाहा. एक मार्ग बाहेरच्या ट्रंक लाइनचा. दुसरा मार्ग आपण स्वतः तयार केला. मागच्या गोदामातल्या एक्स्टेंशनसाठी आपल्या माणसांनी इमारतीच्या आत वापरायची साधी केबल उघड्या आवारावरून टांगून नेली. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाणारी केबल बाहेरच्या वापराची, जेली भरलेली हवी, शक्य असल्यास जमिनीखालून हवी, आणि दोन्ही टोकांना सर्जसंरक्षण हवे. येथे एकाही टोकाला ते नाही. जवळपास कुठेही वीज पडली तरी अशा टांगलेल्या तारेत प्रवर्तनाने मोठे व्होल्टेज तयार होते, त्यासाठी ती नेमकी तारेवरच पडायला लागत नाही. आमच्या इमारतीवर वीज पडलेली नाही. जळालेले एक्स्टेंशन कार्ड नेमके त्याच गोदामाचे आहे, हा योगायोग आहे असे आपल्याला खरेच वाटते का?

म्हणून वॉरंटीबाबत आमचे म्हणणे असे: नैसर्गिक आपत्तीची सूट ही मॅन्युअलप्रमाणे जोडलेल्या यंत्रणेसाठी असते. निर्मात्याच्या ठळक चौकटीतली सूचना आपल्याच तंत्रज्ञाने मोडली असेल, तर नुकसानीचे कारण आभाळात शोधता येणार नाही.

गोदामाच्या त्याच केबलची आणखी एक गंमत. अर्ध्या वाटेवर ती विजेच्या मेन केबलसोबत एकाच पाइपात घातली आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे चूक आहेच. शिवाय गोदामातल्या प्रत्येक फोनवर सतत घुं असा आवाज येतो. दोन्ही केबल वेगळ्या पाइपांतून, अंतर ठेवून न्यायच्या आणि ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडायच्या, हे कोणत्याही वायरमनला ठाऊक असते.

कार्यालयातल्या फोनवर घुं नाही, तिथे माणसे ऐकू येतात. हिशेब विभागात कोणी ग्राहकाशी थकबाकीवर बोलत असेल, तर स्वागतकक्षातल्या रिसीव्हरमध्ये ते पुसट पण समजेल इतपत ऐकू येते. कारण आमच्या ठेकेदाराला क्रोन मॉड्यूल (एमडीएफवरची तारा खोचायची पट्टी) उघडताच दिसले. केबलमधल्या तारा जोडीजोडीने पीळ दिलेल्या असतात. बाहेरचा त्रास दोन्ही तारांवर सारखा यावा आणि एकमेकांत कटावा, हा त्या पिळाचा हेतू. पांढरी-निळी, पांढरी-नारिंगी, पांढरी-हिरवी असा रंगांचा क्रम जोडी ओळखण्यासाठीच दिलेला आहे. आपल्या तंत्रज्ञाने एका फोनसाठी एक तार या जोडीतली आणि दुसरी त्या जोडीतली घेतली आहे. तार जुळली का हे तपासणारा बझर लावला की वाजतो, फोनही चालतो, म्हणून काम झाले असे त्याने गृहीत धरले. शिवाय कित्येक ठिकाणी पंचिंग टूल (तार मॉड्यूलमध्ये दाबून बसवायचे हत्यार) न वापरता तारा पकडीने सोलून, पीळ देऊन उघड्याच सोडल्या आहेत. घंटी वाजत असताना त्या जोडीवर साधारण ७५ ते ९० व्होल्ट एसी असतो. ही उघडी सांधणी कमरेच्या उंचीवर आहे आणि खाली रोज ओल्या फडक्याने लादी पुसली जाते.

वीजपुरवठ्यासाठी यंत्रणेला स्वतंत्र सर्किट हवे होते. प्रत्यक्षात यूपीएस एका एक्स्टेंशन बोर्डावर आहे, त्याच बोर्डावर झेरॉक्स मशीन आहे, आणि तो बोर्ड दाराजवळच्या बटणावर चालतो. रात्री निघताना कोणी सवयीने ते बटण बंद केले की यूपीएसची बॅटरी संपेपर्यंत फोन चालतात, मग गप्प. त्या वेळी तरी किमान एक-दोन साध्या फोनवरून बाहेर बोलता यायला हवे होते. वीज गेली की ठरावीक ट्रंक लाइन थेट ठरावीक फोनला जोडली जाते, अशी सोय या यंत्रणेत आहे आणि विक्रीच्या वेळी ती आम्हाला कौतुकाने सांगितली होती. ती जोडलेलीच नाही. आग लागली किंवा कोणी जिन्यावरून पडले तर मदतीचा फोन कुठून करायचा, हा प्रश्न यंत्रणा बसवणाऱ्याला पडायला हवा.

दुरुस्तीच्या पद्धतीबद्दलही लिहायला हवे. जळालेले कार्ड तपासायला आलेल्या तंत्रज्ञाने कॅबिनेटचा पुरवठा चालू ठेवूनच शेजारची चांगली कार्डे ओढून काढली आणि गालिच्यावर ठेवली. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा नव्हता. यंत्रणा बंद करून, पट्टा अर्थला जोडून मगच कार्ड हाताळा, असे आपलेच मॅन्युअल सांगते. (आणि पट्टा जोडायला अर्थ कुठे होता, हा उपप्रश्न आहेच.) ही कार्डे आज चालत असली तरी स्थिर विजेचा मार पुष्कळदा उशिरा दिसतो. म्हणून त्यांची जबाबदारीही आपण लेखी घ्यावी.

प्रोग्रामिंगबद्दल थोडक्यात: समोरच्याने फोन ठेवल्यावरही ट्रंक लाइन सुटत नाही आणि बाकीच्यांना लाइन मिळत नाही, कारण आमच्या टेलिफोन सेवेचा डिस्कनेक्ट संकेत आणि बिझी टोन यंत्रणेत भरलेलाच नाही, कारखान्यातली मूळ सेटिंग्ज तशीच आहेत. अॅडमिन पासवर्डही मूळचाच आहे. बाहेरून फोन करून आतून दुसरा कॉल लावण्याची डीसा सोय चालू आहे. ही दोन्ही दारे उघडी असली की कोणीही परका आमच्या लाइनवरून परदेशी कॉल करू शकतो. पासवर्ड आम्ही बदलायला घेतला, तर ‘तो आमच्याकडेच असू द्या’ असे सांगण्यात आले. हे चालणार नाही.

आता आमच्या मागण्या. पात्र अभियंत्याकडून लेखी साइट सर्व्हे करून घ्यावा. त्यात जागा, वायुवीजन, वीज, अर्थ आणि केबलचे मार्ग नकाशासह यावेत आणि आमच्या सहीशिवाय पुढचे काम सुरू होऊ नये. आमच्याकडे लेखापालांच्या खोलीलगतची कोरडी, दोन बाजूंनी हवेशीर जागा आहे, ती आम्ही द्यायला तयार आहोत. स्वतंत्र विद्युत सर्किट आणि तिथवर अर्थची तार आमचा ठेकेदार आणून देईल, पण कोणत्या जाडीची तार आणि किती ओहमपर्यंतचा अर्थरोध चालेल हे आपण आधी कागदावर द्यावे. कॅबिनेट हलवणे, एमडीएफ नव्याने रंगक्रमाने पंच करणे, गोदामाची केबल बदलून दोन्ही टोकांना संरक्षण बसवणे, वीज गेल्यावरच्या फोनची जोडणी आणि सर्व प्रोग्रामिंग हे आपल्या खर्चाने व्हावे. दोन्ही जळालेली कार्डे नवी मिळावीत, दुरुस्त केलेली नकोत. प्रत्येक पोर्टवर आणि प्रत्येक भिंतीतल्या सॉकेटवर क्रमांक हवा आणि त्याचा तक्ता आमच्या ताब्यात हवा. आज आमच्या कार्यालयात कोणती तार कोणत्या फोनची हे कोणालाच सांगता येत नाही, आपल्या तंत्रज्ञालाही नाही.

काम संपल्यावर प्रत्येक एक्स्टेंशनवरून आत-बाहेर कॉल, मेन वीज तोडून यूपीएस आणि आपत्कालीन फोन, आणि अर्थरोधाचे मोजमाप अशी चाचणी आमच्या समोर व्हावी. तिच्या नोंदीवर दोघांच्या सह्या होईपर्यंत राखून ठेवलेला शेवटचा हप्ता दिला जाणार नाही. वार्षिक देखभाल कराराचा आपण पाठवलेला मसुदा सही न करता परत पाठवत आहे, जोडणी नीट झाल्यावर तो पुन्हा पाठवावा.

या पत्राचे लेखी उत्तर १५ दिवसांत अपेक्षित आहे. फोनवरून आश्वासन देऊ नये. सध्या आमच्याकडे फोन कितपत चालतात हे आपण जाणताच. सर्व्हेसाठी येणाऱ्या अभियंत्याचे नाव आणि वेळ ईमेलने कळवल्यास आमचा विद्युत ठेकेदार मीटरसह हजर राहील.

आपला,
व्यवस्थापक, प्रशासन विभाग

सोबत: कोटेशनची प्रत, मॅन्युअलच्या पहिल्या प्रकरणाची प्रत, विद्युत ठेकेदाराचा अहवाल, कॅबिनेट, एमडीएफ व गोदामाच्या केबलची छायाचित्रे.