दत्त्याला पत्र: सूप सोड, लोखंड उचल

कोल्हापूर

प्रिय दत्त्या,

वहिनींनी तुझा फोटो पाठवला. वजन उतरलंय खरं, पण गालफडं बसलीत, दंड काटकुळे झालेत आणि पोट जागच्या जागी. दोन्ही वेळा सूप आणि वर तासभर ट्रेडमिल, मग दुसरं काय होणार? खाणं फार तोडलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. ते स्नायू तू वापरतच नसशील, तर त्यांच्यावर गदा यायचीच.

चरबी घटवणं आणि अंग भरणं एकदम होतं का, असं विचारलंस. होतं. मुरलेल्या पैलवानाला अवघड जातं, पण तुझ्यासारख्या नवख्या, पोट सुटलेल्या माणसाला चांगलं जमतं. फक्त उपाशी राहायचं नाही. गरजेपेक्षा रोज तीन-चारशे कॅलरी कमी, बस्स. किलोभर चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. हिशेब तूच मांड, म्हणजे 'महिन्यात दहा किलो'च्या जाहिराती वाचून हसू येईल.

त्यासाठी भाकरीवर राग काढू नकोस. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि तुमच्या घरच्या रश्श्यावरचा कट मी पाहिलाय! तो कमी कर, संध्याकाळचं फरसाण बंद कर. निम्मं काम तिथंच झालं.

प्रथिनं मात्र वाढव. वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅमच्या वर, म्हणजे तुझ्या ८० किलोला १२० ते १३० ग्रॅम. वाटीभर वरणात पाच-सहा ग्रॅमच असतात रे, त्यावर भागत नाही. एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत पंचवीसेक, शिजवलेल्या चिकनच्या शंभर ग्रॅममध्ये तीसेक. मटकीची उसळ, दही, ताक रोजचं असू दे. शेंगदाणे जपून, त्यात निम्मं तेल असतं. तुझी एकादशीची साबुदाण्याची खिचडी म्हणजे तर बहुतेक स्टार्च आणि तूप, दाण्याचं कूट असलं तरी. त्या दिवशी दूध-पनीरवर भर दे.

आता व्यायाम. आठवड्यातून तीन दिवस वजनं उचल: स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठका), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), बेंच प्रेस (बाकावर झोपून वजन वर ढकलणं), रोइंग (वाकून वजन पोटाकडे ओढणं). आठ ते बारा वेळा जमेल एवढंच वजन घे, शेवटचे दोन उचलताना घाम फुटला पाहिजे. बारा सहज व्हायला लागले की वजन वाढव. तेच डंबेल वर्षभर हलवत बसलास तर शरीराला वाढायचं कारणच उरत नाही. क्रंचेस (पाठीवर पडून खांदे उचलणं) मारून पोटाचीच चरबी जाईल, हा भ्रम सोड, चरबी कुठून उतरायची ते शरीर ठरवतं. ट्रेडमिलवर चालणं राहू दे, पण वजनांनंतर. बीपीची गोळी चालू आहे ना? मग सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाल.

आणि तालमीतला खुराक बघून भुलू नकोस. थंडाई, बदाम, तूप हे सगळं दोन्ही वेळ मेहनत करणाऱ्या पोरांना जिरतं. आपण दिवसभर खुर्चीत.

रोज काट्यावर उभं राहू नकोस. पंधरा दिवसांनी बेंबीपाशी टेप लाव. काटा हलला नाही आणि कंबर उतरली, तर काम बरोबर चाललंय. सात तास झोप, ती तुला कधीच जमली नाही, तेवढं बघ.

सुट्टीत इकडे आलास की गंगावेशीत दूधकट्ट्यावर जाऊ. पेला मात्र एकच, म्हशीचं दूध आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुऱ्या