विज्ञानाचं गाणं मराठीला परकं नाही

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला, विज्ञानावरही विनोदी गाणी रचणारे अमेरिकी गायक टॉम लेहरर यांच्यावरचा लेख वाचून मन खट्टू झालं. असली गाणी मराठीच्या प्रकृतीला मानवणार नाहीत, असं लेखकानं शेवटी ठोकून दिलंय. कशाच्या आधारावर?

हार्वर्डच्या या गणितज्ञानं १९५३ साली १५ डॉलर भरून बोस्टनच्या एका स्टुडिओत तासाभरात गाणी ध्वनिमुद्रित केली, पदरमोड करून ४०० तबकड्या काढल्या आणि स्वतःच विकल्या. १९५९ पर्यंत तेव्हाची सगळी १०२ मूलद्रव्यं एका जुन्या संगीतिकेच्या चालीत बसवून दाखवली. लेखात हे दोन ओळींत उरकलंय आणि त्यांनी गाणं लवकर का सोडलं यावर अर्धं पान खर्ची घातलंय.

आणि मराठीची प्रकृती? पृथ्वी सूर्याभोवती फिरते, एवढ्यावर कुसुमाग्रजांनी प्रेमगीत लिहिलं. त्यांच्या नाशिकमध्ये निघणाऱ्या पुरवणीनं हे विसरावं, याचा मला राग आला आहे.

माझी भाची रसायनतज्ज्ञ आहे. दिवसभर प्रयोगशाळा, रात्री गाणी. खिडक्यांना गोधड्या लावून तिनं घरातच दोन अल्बम केले. त्यातलं एक भारुड गोदावरीतल्या पाणवेलींवर आहे. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस खाऊन वेल कशी माजते, पात्रावर तिचं झाकण बसलं की खालचा प्राणवायू कसा संपतो, मासे कसे तडफडतात, आणि वेल काढायचं काम दरवर्षी निघतं पण सांडपाणी मात्र कुणी अडवत नाही, हे सगळं तीन कडव्यांत येतं. आमच्या सोसायटीतल्या पाचवीच्या पोरांना ते तोंडपाठ आहे.

गेल्या वर्षी ते घेऊन ती २७ फेब्रुवारीच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्याच जन्मदिनाच्या एका कार्यक्रमाकडे गेली. हा विषय विज्ञानाचा, उद्याच्या लोकांना विचारा, असं सांगितलं. २८ तारखेला विज्ञान दिन. तिथले म्हणाले, गाण्यांना वेळ नाही, तक्ता असेल तर भिंतीवर लावा. दोन्हीकडे मी तिच्यासोबत होते. रिक्षातून घरी येईपर्यंत पोरगी एक शब्द बोलली नाही. याच शहरातल्या २०२१ च्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद डॉ. जयंत नारळीकरांना मिळालं, तेव्हा आपल्या सगळ्यांना केवढा अभिमान वाटला होता!

विषय निघालाच आहे म्हणून सांगते. पुरवणीतलं विज्ञानाचं पान दिवाळीपासून बंद आहे. मुलं ते कापून वहीत चिकटवायची. आता तिथं राशिभविष्य येतं, तेही पान भरून. ते विज्ञानाचं पान परत सुरू करा. यावर मी दोनदा लिहिलं, उत्तर नाही.

लेखात एक मोठी गोष्ट राहून गेली. लेहरर यांनी २०२० मध्ये आपल्या गीतांवरचे आणि २०२२ मध्ये स्वतःच्या चालींवरचेही हक्क सोडून दिले. त्यामुळे ती मराठीत आणायला कुणाची परवानगी लागत नाही. भाचीनं मूलद्रव्यांचं गाणं घेतलंय. आता १०२ ची ११८ झालीत. वाढलेल्या सोळांपैकी मॉस्कोव्हियम आणि ओगानेसन तेवढी चालीत बसायची राहिलीत. बसली की गाणं आपल्याकडे पाठवते. छापा.

एक निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोड, नाशिक