शुगरहाऊसचं सामान घेण्याआधी

जयसिंगपूर,
12 जून

चि. सौ. मृणालला अनेक आशीर्वाद.

तुमच्या शुगरहाऊससाठी, म्हणजे मेपलच्या झाडांचा रस आटवून सिरप करायच्या शेडसाठी, तू पाठवलेली यादी आणि दोन्ही कोटेशन्स नीट वाचली. झाडांतून रस ओढणारा व्हॅक्यूम पंप, रसातलं पाणी गाळून काढणारा आरओ, चुलीचा ब्लोअर, रस आटवायचा नवा इव्हॅपोरेटर, आणि वर रस्त्यापासून खांब टाकून विजेची लाइन आणायचं अंदाजपत्रक. पैसे तुमचे, जंगलही तुमचं. पण मी नोकरीभर लोड मोजत आलो आणि त्याआधी आपल्या गुऱ्हाळावर जाळ घातला, म्हणून बोलतो. लाइन आणू नका. दीडशे झाडांसाठी तिची गरज नाही. सोलर पॅनलची आहे ती वीज फक्त एका कामाला द्यायची आणि बाकीची कामं उताराकडून आणि आगीकडून करून घ्यायची, अशी मांडणी जमते. ती कशी, ते सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी त्या जुन्या जस्ताच्या बादल्या आणि तो जुना पॅन काढून टाका. जागेबरोबर आले म्हणून वापरताय हे कळतं, पण मार्चमध्ये मी पॅनच्या कोपऱ्यातले डाख बघितले आहेत. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अशा सामानात शिशाचा डाख सर्रास असे. रस बादलीत तासन्‌तास उभा राहिला की शिसं त्यात उतरतं, आणि आटवल्यावर तेच दाट होतं. तुम्ही ते सिरप लेकराच्या दुधात घालता. इतर काही यंदा जमलं नाही तरी चालेल, हे मात्र यंदाच व्हायला हवं. नवं घ्याल ते स्टेनलेस स्टीलचं, वेल्डिंग केलेलं.

आता अडतंय कुठे ते बघ. आपल्या उसाच्या रसात शंभरात अठरा-वीस भाग साखर आणि इतर घन असतं, तुमच्या मेपलच्या रसात दोन. म्हणून 43 लिटर रसाला एक लिटर सिरप. चांगल्या दिवशी झाडाला ठोकलेल्या एका तोटीला चार लिटर धरले तर दीडशे तोट्यांचे 600 लिटर होतात, त्यातून सिरप निघणार चौदा लिटर, बाकी सगळं पाणी उडवायचं. दोन फूट बाय चार फूट सपाट पॅन तासाला 30 लिटरच्या आसपास पाणी उडवतो. म्हणजे वीस तास! तू शनिवारी दुपारी चूल पेटवून रविवारी उजाडेपर्यंत एकटी तिथे का बसतेस, त्याचं उत्तर या हिशेबात आहे. निखिलरावांना लेकरापाशी घरी थांबावंच लागतं. सोमवारी परत तुझी नोकरी. आई हे मनाला लावून घेते आणि मीही.

त्यामुळे पहिला मोठा खर्च इव्हॅपोरेटरवर कर. तेवढ्याच मापाचा, पण मागच्या पॅनला खाली उतरलेल्या खोल पन्हळी असलेला घे. जाळ त्या पन्हळींच्या मधून जातो, तापणारं क्षेत्र कितीतरी वाढतं, आणि त्याच जागेत तासाला 60 लिटरपर्यंत जाता येतं. वीस तासांचे दहा झाले, आणि वीज शून्य. त्याच्या हुडात तांब्याच्या नळ्यांचा प्रीहीटर बसवून घे. वाफेवरच रस तापून पॅनमध्ये येतो, त्यालाही वीज लागत नाही. फ्लोटचा व्हॉल्व्ह चांगला घे आणि रसाची टाकी पॅनच्या वर उंचावर ठेव, म्हणजे पंपाशिवाय रस आपसूक उतरेल. फक्त एक सांभाळ. पन्हळीचा पॅन रागीट असतो. फ्लोट अडकला आणि रस संपला तर मिनिटभरात पॅन जळतो. जाळ जोरात असताना चुलीपासून हलायचं नाही.

चुलवाणाबद्दल मला खरंच जास्त बोलायचं आहे. मार्चमध्ये मी खाली वाकून बघितलं, तेव्हा जाळ पुढच्या तोंडाशीच भडकत होता. पॅनच्या पुढच्या हातभर भागात खळखळ उकळी आणि मागे नुसती वाफ. ओलसर, मांडीएवढ्या जाड ओंडक्यांचं हेच होतं. मनगटाएवढ्या ढलप्या पाड, दर सात-आठ मिनिटांनी थोड्याथोड्या घाल, आणि दार उघडं ठेवून बघत उभी राहू नकोस, त्याने गार हवा शिरते आणि उकळी बसते. आपल्या गुऱ्हाळावर जाळ घालणारा गडी बदलला की गुळाचा रंग बदलायचा, इतकं त्या कामात असतं. आतून सिरॅमिकचं ब्लँकेट आणि भट्टीच्या विटा लाव. चिमणी पॅनच्या लांबीच्या दुप्पट तरी हवी. एवढं केलंस तर ब्लोअर यादीतून खोडता येतो. लाकूड मात्र आत्ता जूनमध्येच फोडून वर छप्पर घाल, बाजू उघड्या ठेव. ऑक्टोबरात फोडलेलं लाकूड मार्चमध्ये शिजतं, जळत नाही.

व्हॅक्यूम पंप मला पटला नाही. एक हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे घेताना किलोवॅटच्या आसपास, आणि रस वाहतोय तोवर ती रात्रंदिवस चालवायची. चोवीस तासांचे चोवीस युनिट. तुझ्या दोनशे वॅटच्या दोन पॅनलांतून तिथल्या मार्चच्या उन्हात दिवसाला एक-सव्वा युनिट पदरात पडतं. शिवाय अशी मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, तुझा इन्व्हर्टर तिथेच मान टाकेल.

तुमच्या जंगलाला उतार आहे, त्याचा उपयोग कर. झाडांपासून टाकीपर्यंत रस आणायला आतून पाचेक मिलिमीटरची जी बारीक नळी मिळते, ती घे. व्हरमाँट विद्यापीठाच्या टिम विल्मॉट यांनी तिच्यावर बरंच काम केलं आहे. जाड नळीत रस तळाने वाहतो आणि वर हवा राहते. बारीक नळी रसाने भरून जाते, आणि उतारावरच्या त्या रसाच्या वजनाने वर ओढ तयार होते. एक मीटर उताराला पाऱ्याचे सुमारे 73 मिलिमीटर. दहा मीटर उतार मिळाला तर पंपाच्या तोडीची ओढ फुकटात. पण ती ओढ तोटीच्या खालच्या उतारावर ठरते, म्हणून शेवटच्या झाडाच्या पुढेही नळीला भरपूर उतार मिळेल अशी लाइन आख. एका नळीवर पंचवीस-तीस तोट्यांपेक्षा जास्त नकोत. या नळीचं दुखणं म्हणजे दोन-तीन हंगामांत नळी जोडायच्या ‘टी’ आकाराच्या तुकड्यांत शेवाळासारखा चिकटा धरतो आणि ओढ मरते. हंगाम संपला की धू, टी बदल, तोट्या तर दरवर्षी नव्याच लाव. धुवायला सोडियमवालं ब्लीच नको. त्याच्या खारटपणासाठी खारी नळ्या कुरतडतात. कॅल्शियमवालं घे.

आता वीज. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण 0.63 युनिट ऊर्जा लागते. 600 लिटरमधलं निम्मं पाणी आगीने उडवायचं म्हणजे 188 युनिटांची उष्णता, आणि लाकडातली बरीचशी चिमणीतून जाते ती वेगळीच. तेच निम्मं पाणी तासाला 55 लिटर रस घेणारा छोटा आरओ अकरा तासांत काढतो. पंप शंभर वॅटचा धरला तर एक युनिट आणि वर थोडं. मृणाल, एका युनिटमध्ये एवढं काम करणारं दुसरं यंत्र तुझ्या यादीत नाही. दोन टक्क्यांचा रस चार टक्क्यांचा होऊन येतो, आणि नव्या पॅनवर दहा तासांचे पाच उरतात. दिवसा रस येत असतानाच आरओ चालू दे, संध्याकाळी चूल पेटव, मध्यरात्रीच्या आत तू अंथरुणात असशील. मोठा, आठ टक्क्यांपर्यंत नेणारा आरओ नको. त्याचा पंप पुन्हा आपल्याला खांबाकडे नेतो.

पंप 24 व्होल्टचा डीसी घे. त्याच शंभर वॅटला 12 व्होल्टवर आठ ॲम्पिअरच्या वर लागतात, 24 वर चार, त्यामुळे तारेत वाया जाणारं व्होल्टेज कमी होतं आणि इन्व्हर्टरचीही गरज उरत नाही. आणखी दोन पॅनल लाव आणि सगळेच बरेच उभे ठेव, म्हणजे बर्फ घसरून पडेल. बॅटरीजवळच फ्यूज हवा, दूर नाही. लिथियम बॅटरी घेणार असाल तर लक्षात ठेव, शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, आतून कायमची बिघडते. आणि तुमच्याकडे रस वाहतो तोच मुळी रात्री गोठून दिवसा वितळल्यावर! म्हणून थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारी किंवा स्वतःला गरम ठेवणारी बॅटरी घे, आणि ती जाड थर्मोकोलच्या पेटीत ठेव. आरओचं मेंब्रेनही गोठलं की गेलं. रोज रात्री आरओच्याच शुद्ध पाण्याने धुऊन घरात आणून ठेव. त्या पाण्याचं एक पिंप बाजूला ठेवलंस तर भांडी धुवायलाही होईल.

सगळं एकदम घेऊ नका. यंदा पॅन, चुलवाण आणि लाकूड. नळ्या निम्म्या झाडांना, ज्या बाजूला उतार जास्त आहे तिकडे, उरलेल्यांना नव्या झाकणाच्या बादल्या. आरओ पैसे उरले तर यंदा, नाहीतर पुढच्या साली. अंदाजपत्रकातल्या खांबांच्या पैशांत हे सगळं बसून वर शिल्लक राहील.

निखिलरावांना सांग, सर्वांत वरच्या झाडापासून शुगरहाऊसच्या टाकीपर्यंतचा उभा उतार पाण्याच्या लेव्हलने मोजून कळवा. फोनमधल्या आकड्यावर जाऊ नका. शेवटच्या झाडापासून टाकीपर्यंतचा वेगळा मोजा. चुलवाणाचं आतलं माप आणि चिमणीची उंचीही पाठव. आकडे आले की मी तारेची जाडी आणि फ्यूज काढून देतो. आईने शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट पार्सल केलंय, पोचलं की फोन कर.

तुझे,
बाबा